लांब देठाचा नळ

“धर,” म्हणून रेनोनं नळाची लाल मूठ माझ्या हातात ठेवली आणि परत भिंतीशी उकिडवा बसला.

“आता काय?” मी विचारलं.

“आता नट काढायचा.”

“कुठला?”

“असेल की कुठला तरी. नटाशिवाय नळ असतो होय?”

ऑक्टोबर संपत आला होता. गवतावर पांढरं दहिवर पडलं होतं आणि माझा नवरा पाना हातात धरून, नळच आता काही बोलेल अशी वाट बघत बसला होता. इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्या हातात पाना मी फारसा पाहिला नाही. रेनोच्या हातात स्टिअरिंग शोभतं. केस पांढरे होईपर्यंत त्यानं गावातल्या शाळेची पिवळी बस चालवली, बर्फात, धुक्यात, रस्ता दिसत नसला तरी आठवणीवर. घरातले दिवे मात्र मी बदलायचे, आणि दिव्यापेक्षा अवघड जे काही असेल ते आर्वो करायचा.

आर्वो लाह्ती म्हणजे आमच्या पलीकडच्या घरातला. मधे फक्त देवदारांची एक रांग आणि पायवाट. तो लोखंडाच्या खाणीत पाइप जोडायची कामं करायचा. त्यांच्या आवारात खाली सगळा खडक, म्हणून सॉना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची लाकडी खोली, बांधायचा ठरला तेव्हा दोन्ही घरांत मिळून एकच, आमच्या अंगणात बांधला. लाकूड रेनोनं वाहिलं, बाकी सगळं आर्वोनं केलं. बादल्या भरायला घराच्या बाहेरच्या भिंतीत हा नळही त्यानंच बसवला. आमच्याकडच्या थंडीत साधा नळ पहिल्याच हिवाळ्यात फुटतो. ह्या नळाचं तोंड तेवढं बाहेर असतं, पाणी अडवणारा भाग लांब देठाच्या टोकाला, भिंतीच्या आत, घराच्या उबेत असतो. म्हणून तो गोठत नाही. एवढं मला माहीत होतं. रेनोला तेवढंही माहीत नव्हतं.

मार्चमध्ये आर्वो झोपेतच गेला. दफनाच्या दिवशी जमीन इतकी कडक होती, की रेनो बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिला.

त्यानंतर शनिवारच्या बादल्या रेनो भरायला लागला, आणि नळ गळायला लागला. आधी थेंब थेंब, मग पाझर. उन्हाळ्यात खाली अळूच्या पानाएवढी हिरवळ वाढली, तिचं मला कौतुकच वाटलं. पण आता रात्री पाणी गोठायला लागलं होतं. गळक्या नळात देठाभोवती पाणी साचून राहतं, ते गोठलं की पाइप भिंतीच्या आत फुटतो आणि तळघराचं तळं होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आज संध्याकाळी लेंपी येणार होती.

लेंपी ही आर्वोची बायको. मार्चपासून ती आमच्या सॉनात आली नव्हती. भेटायची, बोलायची, भोपळे पाठवायची, पण शनिवारी तिच्या स्वयंपाकघरातला दिवा लवकर मालवलेला असायचा. मी बोलावलं की म्हणायची, “आज सर्दी आहे.” उन्हाळाभर सर्दी. गेल्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता ती म्हणाली,

“शनिवारी तुमचा सॉना तापतच असेल.”

“तापतो की.”

“दोघांसाठीच एवढी लाकडं.”

“तेच तर.”

“हं,” लेंपी म्हणाली, आणि साखर पुढं केली.

एवढंच. पण आमच्या फिनिश लोकांत ह्याहून उघड बोलायची पद्धत नाही. घरी येऊन मी रेनोला सांगितलं, “लेंपी येतेय शनिवारी.” त्यानं कप खाली ठेवला आणि कोट न घालता बाहेर जाऊन नळाकडे बघत उभा राहिला.

त्याच्या मनात काय होतं, ते मला न सांगता कळलं. आमच्याकडे कुणाला त्रास देणं हे चोरीच्या खालोखालचं पाप. तळघरातली पाण्याची मुख्य चावी बंद आहे, नळ खोलून ठेवलाय, पाणी दुसरीकडून आणावं लागतंय, असं काही लेंपीच्या नजरेला पडलं असतं, तर ती म्हणाली असती, “मग राहू दे, पुन्हा कधीतरी.” आणि ते पुन्हा कधीतरी आमच्या हयातीत आलं नसतं. एकदा घराकडे वळलेली फिनिश बाई बैलजोडी लावली तरी परत फिरत नाही. म्हणून नळ संध्याकाळच्या आत नीट व्हायला हवा होता, आणि मुळात बिघडला होता हे तिला कळायलाही नको होतं.

“सापडला,” रेनो म्हणाला. नट मुठीच्या मागंच, डोळ्यांसमोर होता. त्यानं पाना लावला, दोनदा उलटा फिरवला, एकदा सुलटा, आणि तो सैल झाला. मग देठ धरून ओढायला लागला.

“येतोय,” तो म्हणाला. “येतोय… अगं, अजून येतोय.”

“संपेल ना कधी?”

“भिंतीतून पलीकडे स्वयंपाकघरात तर नाही ना पोचलो? बघ जरा.”

शेवटी कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी पितळी कांब बाहेर आली. तिच्या टोकाला एक छोटा स्क्रू आणि एक काळं रबर. रबराची पार वाट लागली होती. रेनोनं कांब उन्हात धरून खालीवर पाहिली.

“हे सगळं आत होतं,” तो म्हणाला. “बघ की हेल्मी, आपण बाहेर मूठ फिरवतो आणि काम होतं ते इतकं आत.”

“कौतुक नंतर कर. दुकान जेवायला बंद होईल.”

दुकान रूडीचं. रूडीचे आजोबा स्लोव्हेनियातून ह्या देशात आले, आमचे फिनलंडमधून, आणि दोघांनी एकाच खाणीत खोकून दिवस काढले. त्यामुळे टोमणे मारायचा हक्क वंशपरंपरेनं आहे. रेनो आत शिरला आणि रंगांच्या डब्यांपाशी उभा राहिला.

“काय देऊ?” रूडीनं विचारलं.

“बघतोय.”

“बघ.”

रेनोनं खिळे बघितले, दोऱ्या बघितल्या, उंदरांचे सापळे बघितले. रूडीनं निवांत आपला डबा उघडला.

“हेल्मी, फिनिश गिऱ्हाईक आलं की मी जेवायलाच बसतो,” तो मला म्हणाला. “त्याचं सांगून होईपर्यंत माझं पोट भरतं.”

मग मात्र रेनोनं खिशातून ते रबर काढून टेबलावर ठेवलं. रूडीनं ते बोटांत धरलं.

“हे कुणी चावलं?”

“नळाचं आहे. बाहेरच्या.”

“झिजलेलं नाही हे, चिरडलेलं आहे. कोण पैलवान आवळतो तुमच्याकडे?”

“गळत होता, म्हणून आवळला.”

“आवळला म्हणून गळला असेल.” रूडीनं ड्रॉवर उघडून दोन वॉशर काढले. “हा घाल, हा खिशात ठेव. मी येऊ का दुपारी? एवढंसं काम आहे. आर्वो असता तर…” तो थांबला, मग उगाच ड्रॉवर परत लावला.

“नको, नको,” रेनो म्हणाला. “फार काही नाही.”

रूडी आला असता तर काम झटक्यात झालं असतं. पण रूडीची बायको पोस्टात बसते. पत्र पोचायला दोन दिवस लागतात, तिच्या तोंडची बातमी चहा निवायच्या आत पोचते. लेंपीला नळाची हकिकत आमच्याआधी कळली असती.

घरी येऊन रेनोनं नवा वॉशर टोकाला बसवला, स्क्रू घट्ट केला, कांब परत आत सरकवली, नट आवळला, मूठ लावली. मी तळघरात गेले. वरच्या बुटक्या खिडकीतून त्याचे बूट दिसत होते.

“सोड,” बूट म्हणाले.

मी चावी सोडली.

“बाहेर आलंय पाणी. आता बंद करतो मी.” बूट नळाशी सरकले. मग, “गळतोय.”

मी वर गेले. खरोखरच नळाच्या तोंडातून पाणी येत होतं. धार नाही, पण थेंबामागून थेंब. रेनोनं मूठ आणखी फिरवली. थेंब चालूच. आणखी फिरवली. मग पकड आणली, मूठ पकडीत धरली आणि दात खाऊन पिळली. थेंब थांबले.

“झालं,” तो म्हणाला, आणि कपाळ पुसलं.

खात्री करायला नळ उघडला, पुन्हा बंद केला. या वेळी पाझर थांबेचना. पुन्हा मी तळघरात, पुन्हा चावी, पुन्हा नट, पुन्हा ती लांब कांब बाहेर. नव्या वॉशरवर चाकूनं कापावी तशी गोल खाच पडली होती. जेवायचं राहून गेलं होतं. रेनो पायरीवर बसला, आणि त्याच्या खिशात आता एकच वॉशर उरला होता.

“आर्वो हे कसं करायचा?” त्यानं विचारलं.

“मला काय माहीत? तो यायचा, बादल्या भरायचा, उचलायचा आणि सॉनाकडे चालायला लागायचा. नळाशी रेंगाळलेला मी त्याला कधी पाहिला नाही.”

“मीही नाही. मला म्हणायचा, तू लाकडं आण. मी लाकडं आणायचो.” त्यानं कांब मांडीवर ठेवली. “एकदा विचारायला हवं होतं.”

त्याचा आवाज असा झाला, की मी उंटावरून शेळ्या हाकायचं थांबवलं. घरात जाऊन कॉफी आणि लोणी लावलेला पाव आणला. त्यानं पायरीवरच खाल्लं. मग मी सॉनाच्या भट्टीत लाकडं पेटवून आले, कारण दगड तापायला वेळ लागतो आणि नळ झाला काय न झाला काय, धूर तर दिसायलाच हवा होता. लेंपीच्या खिडकीतून आमचं धुराडं दिसतं.

दुसरा वॉशर त्यानं बसवला तेव्हा ऊन उतरलं होतं. मी चावी सोडून वर आले. रेनोनं नळ उघडला. पाणी खळखळून आलं. बंद केला. टप. टप. टप टप.

रेनोचा हात पकडीकडे गेला.

“रेनो, रूडी काय म्हणाला?”

“पण गळतोय ना! डोळ्यांनी दिसतंय. असं सोडून कसं चालेल?”

ह्यात रेनोचा स्वभाव सगळा आला. बस चालवायचा तेव्हा त्याचा एक नियम होता. मूल उतरलं, घरापर्यंत चालत गेलं, दार उघडून आत शिरलं आणि आतून खिडकीतून हात हलवला, की मगच बस हलायची. आमच्या थंडीत दाराला कुलूप निघालं आणि बस निघून गेली, तर त्या पोराचं काय होईल, हा त्याचा प्रश्न. मागच्या गाड्या खोळंबायच्या, पुढच्या पोरांना घरी पोचायला उशीर व्हायचा, मुख्याध्यापक बोलवून समज द्यायचे. रेनो मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच. आर्वो थट्टा करायचा, “अरे, पोरं मोठी होऊन त्यांची लग्नं होतील, तू आपला दाराकडे बघत थांबलेला असशील.” अख्ख्या नोकरीत एक मूल गारठलं नाही. त्याबद्दल कुणी कधी त्याला शाबासकी दिली नाही, कारण जे घडलंच नाही त्याची शाबासकी कशी देणार? मला मात्र अभिमान आहे, आणि तो मी इथं सांगून टाकते.

तर असा माणूस, शेवटचा थेंब थांबल्याशिवाय कुठला हलतोय. त्यानं पकड मुठीला लावली.

“नको आवळूस.”

आम्ही दोघंही दचकलो. देवदारांच्या मधल्या पायवाटेवर लेंपी उभी होती, बगलेत टॉवेल, हातात फडक्यात बांधलेला पाव. ठरल्यापेक्षा खूप लवकर आली होती. तिनं पकड पाहिली, पायरीवरचा पाना पाहिला, चिखल पाहिला, रेनोची ओली विजार पाहिली.

“पाण्याची अडचण दिसतेय,” ती म्हणाली. “मग आज राहू दे. मी आपली…”

“अडचण कसली?” रेनो म्हणाला. “काहीच अडचण नाही.”

टप, नळ म्हणाला.

लेंपीनं एक पाऊल मागं घेतलेलं मी पाहिलं. आठ महिने जिची वाट पाहिली ती बाई नळाच्या पायी परत चालली होती, आणि रेनो बिचारा नळाचं तोंड हाताच्या पंज्यानं झाकून उभा होता.

ते पाहून लेंपी थांबली. पाव तिनं माझ्या हातात दिला.

“काढ रे हात,” ती म्हणाली. “गळत नाहीये तो.”

“हे काय मग?”

“उरलेलं पाणी आहे. तू बंद केलंस ते आत, तिकडे भिंतीत. तिथून इथपर्यंत देठात जे पाणी राहतं ते बाहेर यायला नको? ते निघून जातं म्हणून तर गोठत नाही. उतार देऊनच बसवलाय तो. आवळलास तर रबर चिरडशील, दुसरं काही होणार नाही.”

रेनोनं हात काढला. आम्ही तिघं नळाकडे बघत उभे राहिलो. थेंब येत होते.

“तुला कसं माहीत?” रेनोनं विचारलं.

“हा बसवला तेव्हा कंदील कुणी धरला होता? तू तर लाकडं आणायला गेला होतास.” लेंपीनं टॉवेलची घडी उलगडून परत घातली. “मीही हेच म्हणाले होते त्याला, अजून गळतोय बघ, आवळ. तर आर्वो म्हणाला, ह्या नळाशी उभं राहायचं नाही. बंद करायचा आणि पाठ फिरवायची. राहिलेलं त्याचं ते जातं.”

मार्चनंतर तिच्या तोंडून त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. तिलाही ते ऐकू आलं असावं, कारण तिचे डोळे भरले. माझेही भरले. रेनो खाली वाकून अवजारं गोळा करायला लागला. एकच पाना त्यानं दोनदा पेटीत ठेवला.

“बादल्या कुठायत?” लेंपीनं विचारलं. “उभे काय राहिलात? दगड तापले असतील.”

रेनोनं बादल्या भरल्या. नळ हलक्या हातानं बंद केला, दोन्ही बादल्या उचलल्या आणि सॉनाकडे चालायला लागला. वाटेत एकदा मान वळली त्याची. पण चालत राहिला.

आधी पुरुष, मग बायका, ही आमची पद्धत. रेनो एकटाच आत गेला आणि लवकर बाहेर आला. वरच्या बाकावर आर्वोची जागा मोकळी ठेवून तो अजून कडेला बसतो, हे मला ठाऊक आहे. मग आम्ही दोघी. अंगावर हलक्या मारून घ्यायला जूनमध्ये तोडून वाळवलेल्या भूर्जाच्या डहाळ्या कोमट पाण्यात भिजवल्या होत्या, त्यांचा वास सुटला. लेंपीनं दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली, आणि ती टॉवेलनं तोंड पुसत बसली. सॉनात घाम कुठला आणि डोळ्यांतलं पाणी कुठलं, हे कुणी कुणाला विचारत नाही. नंतर एकदम हसायला लागली.

“काय झालं?”

“पंज्यानं झाकून उभा होता गं,” ती म्हणाली. “नळाचं तोंड.”

मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की बाहेरून रेनोनं दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं.

कॉफीबरोबर लेंपीचा पाव कापला. वेलदोडा भरपूर घातलेला, वेणीसारखा वळलेला. रेनोनं पहिल्यांदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतला, आणि मग न विचारता आणखी दोनदा घेतला. लेंपी “निघते आता” म्हणाली तेव्हा आम्ही टेबलाशी होतो; पुन्हा म्हणाली तेव्हा दारात, आणि तिसऱ्यांदा पायरीवर. तिथं तिनं कोटाची बटणं लावली.

“पुढच्या शनिवारी काहीतरी आंबट करते,” ती म्हणाली. “आज गोड जास्त झालं.”

“बरं,” मी म्हटलं. ह्याहून जास्त बोलले असते तर रडले असते.

अंधार पडायला लागला होता. लेंपी बॅटरी घेऊन पायवाटेनं गेली. रेनो बादल्या विसळायला नळाशी गेला. रात्री पाणी राहिलं तर बादल्या फुटतात, म्हणून त्या विसळून पालथ्या घालायच्या असतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. त्यानं बादल्या पालथ्या घातल्या, नळ बंद केला. थेंब सुरू झाले असणार, कारण त्याचा हात पुन्हा मुठीकडे गेला. तिथं जरा रेंगाळला. मग त्यानं दोन्ही हात खिशात घातले, नळाकडे पाठ केली आणि देवदारांच्या पलीकडे बघत उभा राहिला.

बॅटरीचा उजेड झाडांमधून गेला. लाह्तींच्या पायरीवर चढला. दार उघडलं. थोड्या वेळानं त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागला आणि खिडकीत लेंपी आली. तिची मुलंही शाळेतून आली की ह्याच खिडकीतून हात हलवायची. लेंपीनं हात वर केला आणि हलवला.

रेनोनंही हात वर केला, बसमधून करायचा तसाच, आणि घराकडे वळला.

“थांबला का?” तो आत आल्यावर मी विचारलं.

“कोण?”

“नळ.”

“बघितलं नाही,” रेनो म्हणाला, आणि बूट काढायला खाली बसला.